शाकारलेल्या होड्यांचा फोटो

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यातले बरेचसे आता धड आठवतही नाही. एक केस मात्र डोक्यातून जात नाही. त्या केसमध्ये कुणाच्या अंगावर ओरखडा उठला नव्हता, कुणाच्या घरातून चमचा गेला नव्हता. तरी ती आठवली की हातातले काम थांबते. नाव मी कुणाचेच सांगणार नाही. त्यातली माणसे अजून याच उपनगरात राहतात.

मी तेव्हा अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचा तपास पाहणारा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली होती आणि मी मागच्या आठवड्यातल्या मोबाईलचोऱ्यांची कागदपत्रे चाळत होतो. ठाणे अंमलदार आत आला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "सर, मोठे गृहस्थ आलेत. बाहेर बाकावर बसवू की आत पाठवू?"

असे विचारले की समजायचे, त्याने खुर्ची आधीच पुसून ठेवली आहे. मीही उठून उभा राहिलो. गृहस्थ खरोखरच मोठे होते. ड्रोनने जमिनीचे फोटो काढणारे, त्यावरून नकाशे करणारे, उपग्रहाची चित्रे वाचणारे असे जे लोक असतात, त्यांची एक राज्य सल्लागार परिषद आहे. कुठल्या जमिनीचा नकाशा कसा करावा, हे ती सरकारला सांगते. हे त्या परिषदेचे अध्यक्ष. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी आमच्या ठाण्याला चौपाटीचे नकाशे त्यांनीच करून दिले होते, तेही फुकट. पांढरे केस, साधा सुती शर्ट, बोलणे मृदू. खात्यात त्यांच्याविषयी सगळ्यांना आदर होता आणि मलाही होता.

त्यांची तक्रार अशी. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांचे नवे नकाशे परिषदेच्या देखरेखीखाली चालले होते. आमच्या हद्दीजवळच्या एका कोळीवाड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यात बायकांची बोंबील सुकवायची जागा 'मोकळी, वापरात नसलेली' अशी दाखवली गेली. नकाशा कायम झाला असता तर ती जागा हातची जाणार होती. पन्नासएक बायका परिषदेच्या कार्यालयात घुसल्या आणि त्यांनी सुक्या बोंबलांची टोपली अध्यक्षांच्या टेबलावर उलटी केली.

"त्या बायकांचं चुकलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "जानेवारीतल्या फोटोत तिथे बांबू उभे होते, त्यावर बोंबील होते. ते कुणीतरी संगणकावर पुसून टाकले. मूळ फोटोही गायब आहे. आणि ज्याच्या लॉगिनवरून हे झालं, तो आमचाच जुना माणूस आहे. मला सांगतानाही लाज वाटते, साहेब. तो त्याच कोळीवाड्यातला आहे."

एवढे बोलून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मी फिर्याद लिहून घेतली. ती एका पानात संपली. मी त्यांना एकही उलटा प्रश्न विचारला नाही.

आता त्या माणसाविषयी. पन्नाशीला आलेला, सावळा, कमी बोलणारा. कोळीवाड्यातला सर्व्हेचे शिक्षण घेतलेला पहिला माणूस. अध्यक्षांच्या हाताखाली बावीस वर्षे नकाशे करत होता. त्यांनीच त्याला शिकवले, नोकरी दिली, बहिणीच्या लग्नात उभे राहिले. त्याची विधवा आई अजून रोज त्याच जागेवर बोंबील सुकवत होती.

मी त्याला नोटीस देऊन बोलावले आणि लागोपाठ तीन दिवस चौकशी केली. त्याचा जबाब वाचायला आजही चमत्कारिक वाटेल.

"लॉगिन तुझं?"

"हो साहेब."

"बदल तू केलास?"

"बदल माझ्या लॉगिनवरून झालाय."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

गप्प.

"बिल्डर कोण?"

"कुणी नाही, साहेब."

पस्तीस वर्षांत एक शिकलो होतो. चोर बोलतो, निर्दोष माणूस तर त्याहून जास्त बोलतो. जो बोलतच नाही, तो कुणाला तरी पाठीशी घालत असतो. इथवर माझे बरोबर होते. पण पाठीशी घालतोय तो बिल्डरला, हे मी मनाशी पक्के करून टाकले आणि तिथेच माझी गाडी रुळावरून घसरली. मी त्याचे फोन तपासले, बँक तपासली, आजूबाजूचे सगळे दलाल तपासले. काही हाती लागेना. संगणक सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला होता, पण तिथली रांग म्हणजे रेशनची रांग. नकाशावरची शेवटची सुनावणी मात्र पंधरा दिवसांवर आली होती.

मग मी एक गोष्ट केली. पोलिसांची जुनी युक्ती आहे. गावात खडा टाकायचा आणि पाणी हलते का ते पाहायचे. मी कोळीवाड्यात गेलो, समाजमंदिराच्या पायरीवर उभा राहिलो आणि जमलेल्या लोकांना म्हणालो, "तुमच्याच माणसाने केलंय हे. कुणाला काही माहीत असेल तर पुढे या."

पुढे कुणी आले नाही. पण त्या संध्याकाळपासून त्याच्याशी कुणी बोलेना. पोरीच्या साखरपुड्याची बोलणी मोडली. आणि त्याच्या आईने त्याच्या हातचे पाणी घेणे सोडले. हे सगळे बीटच्या हवालदाराने मला सांगितले तेव्हा मी म्हणालो, "चांगलं आहे. आता तुटेल."

त्यानंतर चौथ्या दिवशी त्याची आई ठाण्यात आली. सत्तरीची, काटक, केसात अबोलीचा गजरा. मला वाटले, मुलाला सोडा म्हणून रडणार. ती दारातच म्हणाली, "सोडवायला नाय आयले. त्याचा तोंड बघायला आयले."

त्याला मी पुन्हा चौकशीला बोलावले होते, तो समोरच बसला होता. त्याने मान वर केली नाही. माझ्या टेबलावर तो वादग्रस्त फोटो मोठा छापून पसरलेला होता, कडेला दोन पेपरवेट ठेवून. बाईंनी आजवर नकाशाच्या गोष्टी फक्त ऐकल्या होत्या, फोटो कुणी दाखवलाच नव्हता. त्या पुढे झाल्या, कमरेत वाकल्या आणि बोट फिरवायला लागल्या. देऊळ सापडले, जेट्टी सापडली, स्वतःचे घरही सापडले. मग बोट थांबले.

"साहेब, ह्यो फोटू कवाचा?"

"जानेवारीतला."

बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला माझीच शंका आली.

"जानेवारीन होऱ्या कोन शाकारतं?"

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे छप्पर शाकारतात. होऱ्या म्हणजे होड्या एवढे कळले, पुढचे काही कळले नाही. माझा चेहरा पाहून त्या जरा मोठ्याने बोलल्या, बहिऱ्या माणसाशी बोलावे तसे. "ह्या बघा सगल्या होऱ्या वर ओढून ठेवल्यान. वर नारलाचे झाप, वर प्लास्टिक. पावसाल्यात मासेमारी बंद असते तवा आमी होऱ्या अशा झाकून ठेवतो. जानेवारीन होरी पान्यात असते, साहेब! आनि बांबू कोन कशाला पुसेल? पावसाच्या आधी आमीच ते काढून घरात ठेवतो. ह्यो आखाडातला फोटू हाय."

मी पुन्हा फोटोकडे पाहिले. गेले दहा दिवस तो माझ्या टेबलावर होता. निळे-काळे चौकोन मला दिसले होते, मी त्यांना झोपड्या समजलो होतो. कुणी काही पुसलेच नव्हते. फोटो भर पावसाळ्यातल्या उघडिपीत काढला होता आणि त्यावर तारीख जानेवारीची घातली होती. म्हणजे फिर्यादच खोटी होती.

बाई मुलाकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "मना एका नजरेन कलला. तुझा जनम गेला त्या होऱ्यांन. तुला नाय कलला?"

मग तो रडायला लागला. रडता रडता त्याने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि फोटोतल्या विजेच्या खांबावर ठेवली. "सावली बघा, साहेब. दुपारचा फोटो आहे. जानेवारीत या खांबाची सावली लांब पडते, उत्तरेकडे. ही पायाशीच आहे आणि दक्षिणेला आहे. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी सरांना सांगितलंही होतं. सर म्हणाले, तारीख बदल, पुढच्या वर्षी आपण दुरुस्त करू. मी बदलली."

"आणि हे इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"सरांनी सांगितलं होतं ना, मी बघतो म्हणून."

मी ठाणे अंमलदाराला सांगितले, दार लाव.

आता पुरावा हवा होता. तोंडी गोष्ट न्यायालयात टिकत नाही आणि संगणकावरचे निरोप कधीच पुसले गेले होते. त्यानेच वाट दाखवली. त्यांच्या धंद्यातले जुने लोक पडद्यावर विश्वास ठेवत नाहीत. मसुदा कागदावर छापून घेतात, लाल पेन्सिलीने चुका मांडतात आणि तो कागद गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळकांड्यात ठेवून देतात. जुना नकाशा फाडणे त्यांच्यात अशुभच मानतात म्हणा ना. आम्ही दोन पंच घेऊन परिषदेच्या कार्यालयात गेलो. माळ्यावर दीडशेच्या वर नळकांडी होती. दुपार सरत आली तेव्हा त्या कोळीवाड्याचे सापडले. समासात लाल अक्षरात लिहिले होते, 'उड्डाण जानेवारी दाखवावे.' खाली अध्यक्षांची छोटी सही. जागेवरच पंचनामा केला. कागदाच्या मागच्या बाजूला परिषदेच्या सात सदस्यांच्या मंजुरीच्या सह्या होत्या. त्या सातही जणांचे जबाब मी नंतर घेतले. फोटो एकानेही पाहिला नव्हता. "अध्यक्षांनी बघितलंय म्हटल्यावर आम्ही काय बघायचं?" असे प्रत्येकाने सांगितले.

अध्यक्षांना बोलावले. ते आले, बसले, तो कागद पाहिला आणि नाकारलाही नाही.

"इन्स्पेक्टर, मी कुणाचा एक रुपया घेतला असेल तर दाखवा."

"दाखवायला नाही, सर. शोधून झालंय."

"मग समजून घ्या. विमानतळ जवळ, ड्रोनची परवानगी हिवाळ्यात मिळालीच नाही. मिळाली तेव्हा पावसाळा लागला होता. नियम म्हणतो, फोटो मासेमारीच्या हंगामातलाच हवा. माझी अध्यक्षपदाची मुदत दोन महिन्यांत संपत होती. सगळा किनारा मी पूर्ण केला होता, एवढा एक कोळीवाडा सोडून. एका तारखेसाठी सगळं अडवायचं? आयुष्य गेलंय माझं या कामात."

"ठीक आहे, सर. तारखेचं कळलं. पण त्याच्यावर फिर्याद का केलीत? बायका चिडल्या तेव्हा चूक झाली म्हणता आलं असतं."

त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. मग अगदी सहज म्हणाले, "तो बोलणार नाही, याची मला खात्री होती."

मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले आहेत. रागातले, दारूतले, देवाची शपथ घेऊन दिलेले. पण हे वाक्य त्या कशातच बसेना. एखाद्या माणसाची निष्ठा त्याच्याच गळ्याला फास म्हणून वापरता येते, तीही इतक्या सुसंस्कृत माणसाला, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

पुढचे कायद्याप्रमाणे झाले. अध्यक्षांवर खोटी माहिती दिल्याचा आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदला, त्यांनी पद सोडले. सुनावणीत नकाशा परत पाठवला गेला आणि हिवाळ्यात पुन्हा फोटो काढायचे ठरले. वर्तमानपत्रांत माझे कौतुक छापून आले.

ज्या दिवशी मुलाला सांगितले की आता तू आरोपी नाहीस, साक्षीदार आहेस, त्या दिवशी त्याची आई बरोबर होती. मी म्हणालो, "आजी, तुमचा मुलगा निर्दोष आहे."

"निर्दोष नाय, साहेब. चोर नाय, इतकाच." मग त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, "चल. पन गावाला तू सांगायचा. मी नाय सांगनार."

त्याने सांगितले. समाजमंदिराच्या त्याच पायरीवर उभा राहून, सगळ्यांसमोर. तारीख मी बदलली, मला माहीत होतं, मी घाबरलो नव्हतो पण सरांचा शब्द मला मोडवला नाही, माझं चुकलं. मध्ये न थांबता पूर्ण बोलला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. जरा वेळाने आईने पदराने तोंड पुसले आणि ती त्याच्याबरोबर घरी गेली.

बंदोबस्ताच्या निमित्ताने मीही तिथे होतो, गर्दीच्या मागे, गणवेशात. खुर्ची पाहून फिर्याद लिहून घेणारा मीच होतो, आणि पुरावा हातात नसताना त्याच पायरीवरून त्याला गावासमोर चोर ठरवणाराही मीच. मोठा माणूस समोर बसला की प्रश्न गिळायचे, आणि लहान माणूस समोर आला की त्यालाच दहादा विचारायचे, ही सवय मला ठाण्याने लावली असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. खरे तर ती माझीच होती. त्या दिवशी पुढे होऊन दोन वाक्ये बोलायला हवी होती. लोकांनी वाट करून दिली असती. मी टोपी नीट केली आणि जीपकडे वळलो.