आबांच्या नातीचा पोळा

परतूर तालुक्यात टेनिस खेळणारा माणूस एकच आहे आणि त्याने आयुष्यात कधी रॅकेट हातात धरलेली नाही. हे माझ्या बहिणीचे सासरे. सारे गाव त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला पाव्हणे म्हणतात. उभी नोकरी त्यांनी बस आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या शेतात ट्रॅक्टरच्या जमान्यात हट्टाने एक बैलजोडी ठेवली आणि बाकीचा सगळा जीव नातीच्या टेनिसमध्ये घातला. नात म्हणजे माझी भाची मुक्ता. तिचे वडील जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथल्या एका क्लबच्या सिमेंटच्या कोर्टावर ती खेळायला शिकली, पुढे पुण्याला गेली आणि आता व्यावसायिक टेनिसच्या खालच्या पायरीवरच्या स्पर्धा खेळत देशोदेशी फिरते. मुक्ता खेळते ते पोट भरण्यासाठी, आबा खेळतात ते मन भरण्यासाठी.

या छोट्या स्पर्धांचे सामने टीव्हीवर दिसत नाहीत. मोबाइलवर नुसते आकडे बदलत राहतात. आबांना तेवढे पुरे होते. बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर फोन साखरेच्या डब्याला टेकवून ते बसत आणि आकड्यांतून सामना बघत. "आता ती पाणी पिऊन राह्यली," ते सांगत. आकडा हलला की, "हा, मारला बघा कोपऱ्यात. समोरची पोरगी जाग्यावरून हाललीच न्हाई." चहा पिणारे माना डोलवत. एकदा मी विचारले, "आबा, कोपऱ्यात मारला हे कसं कळलं?" ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणे, स्टँडवर बसून मला गाडी कोणत्या फाट्यावर असंल ते कळायचं. ही तर घरची पोरगी हाये." 

नोकरी सुटली तरी भाषा आगारातलीच राहिली. मुक्ता तुर्कस्तानात असली की "गाडी तिकडं मुक्कामी हाये." पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत गेली की "रिझर्व्हेशन झालं." ती हरली असे मात्र त्यांनी कधीच म्हटले नाही, "गाडी जल्दी रिकामी झाली" एवढेच. मनगटावरचे घड्याळ ते नात असेल त्या देशाच्या वेळेवर लावत. ती तुर्कस्तानात असताना शेजारच्या गावी एक लग्न होते. ज्या माणसाने आयुष्यात एक गाडी उशिरा सुटू दिली नाही, तो माणूस मांडवात पोचला तेव्हा शेवटची पंगत उठत होती. यजमानांनी विचारले, तर घड्याळ पुढे करून म्हणाले, "तिकडं आत्ता कुठं अक्षता पडायची वेळ झाली."

सोमवार हा त्यांचा सण. त्या दिवशी जागतिक क्रमवारीचा नवा आकडा येतो आणि आबा तो टपरीवर जाहीर करत. टपरीवर त्यांचे जुने मित्र बसतात, आगारातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक. डिवचणे हे त्यांचे काम. "आबा, पाचशेच्या बी पुढचा नंबर," एकदा ते म्हणाले, "ह्याला काय नंबर म्हणावं का?" आबांनी बशीतला चहा संपवला. "जगातल्या पाचशे बायांच्या मागं हाये ती," ते म्हणाले. "तू परतुरात किती गड्यांच्या मागं हाये ते सांग, मंग बोलू." टपरी हसली. मेकॅनिक सगळ्यात मोठ्याने हसले आणि चहा त्यांनीच सांगितला.

आबांना या खेळातले सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर तो थांबत नाही हे. दर आठवड्याला कुठे ना कुठे स्पर्धा असते. एक रविवारी संपते, दुसरी सोमवारी दुसऱ्या देशात सुरू होते. एका आठवड्यात सिमेंटचे कोर्ट, पुढच्यात मातीचे. चेंडू वेगळे, हवा वेगळी. वरच्या पायरीवरच्या खेळाडूंबरोबर प्रशिक्षक आणि मालिश करणारे असतात. मुक्तासारख्या मुली एकट्या फिरतात, हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धुतात आणि विमानतळाच्या खुर्चीवर झोपतात. शिवाय क्रमवारी ठरवणारे गुण फक्त वर्षभर टिकतात. गेल्या ऑगस्टमध्ये चांगले खेळलात, तर या ऑगस्टमध्ये पुन्हा तसेच खेळावे लागते; नाहीतर ते गुण जातात आणि तुम्ही घसरता. जागच्या जागी राहायलाही पळावे लागते. आबांना हे सगळे ठाऊक होते आणि त्याचा अभिमान होता. "उभी गाडी गंजती," ते म्हणत. मुक्ताचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "आता पुढचा मुक्काम कुठं?"

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोंडावर ती चार दिवसांसाठी परतूरला आली. पोळ्याच्याच दिवशी दुपारी तिची मुंबईची गाडी होती, तिथून थायलंड. आदल्या वर्षी त्याच स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोचली होती. ते सगळे गुण आता पणाला होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे हळद आणि तुपाने मळायचे, आणि त्यांच्या कानात सांगायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काहीही ठेवायचे नाही, घरचे काम कितीही अडलेले असो.

आम्ही सगळे शेतात गेलो होतो. आबा खांदा मळत होते आणि मुक्ता तुपाची वाटी घेऊन शेजारी उभी होती. पहिला बैल झाला. दुसऱ्या बैलाकडे वळताना ते म्हणाले, "मुक्ते, ते जू उचलून खुंटीवर ठेव." तिने वाटी खाली ठेवली आणि डाव्या हाताने जू उचलायला लागली. ते जड होते. उजवा हात अंगाशी धरलेला तसाच राहिला. माझी बहीण धावली आणि दोघींनी मिळून ते वर ठेवले.

आबांनी ते बघितले. दुसऱ्या बैलाचा खांदा त्यांनी नेहमीसारखा सावकाश मळला, आवतन दिले. मग हात न धुताच तिच्याकडे वळले.

"कवापासून?"

"मे महिन्यापासून."

"मंग खेळून कशी राह्यली?"

"गोळी घेऊन."

"आकड्यात दिसलं न्हाई मला."

"आकड्यात दिसत नसतं, आबा."

त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "सांगितलं का न्हाईस?"

मुक्ताने आईकडे बघितले, मग माझ्याकडे. "तुमी दर सोमवारी टपरीवर सांगत राह्यला व्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, आबांचा सोमवार कशाला मोडायचा."

आबांनी वाटीतले उरलेले हळद-तूप बोटांवर घेतले, तिच्या उजव्या खांद्याला, सदऱ्यावरूनच, लावले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

ती हसली. "आबा, उद्या माझी गाडी हाये."

"आवतन दिलं म्हंजी दिलं."

"सगळे पॉइंट जातील. परत खालून चालू करावं लागंल."

"जाऊ दे."

"मी काय बैल हाये का?"

"न्हाई ना," आबा म्हणाले. "बैलाला सांगता येत न्हाई. तुला येत व्हतं."

यावर ती रडली. इतक्या वर्षांत, जिंकताना आणि हरताना, तिला रडताना मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी तिच्याशिवाय गेली आणि ती दुपारी बैलांनंतर पुरणपोळी जेवली.

जालन्याच्या डॉक्टरांनी खांद्याचा स्नायू फाटायला आल्याचे सांगितले. आणखी एक-दोन स्पर्धा खेळली असती तर शस्त्रक्रिया टळली नसती. पुढचे काही महिने ती अंगणातल्या कडुलिंबाला रबराचा पट्टा बांधून हात ओढत राहिली. तिकडे थायलंडची स्पर्धा तिच्याविना संपली, सोमवार आला, क्रमवारी आली. आकडा कोसळला होता. आबा टपरीवर जाणार नाहीत अशी माझी अटकळ होती. ते गेले, नेहमीच्या वेळेला, आणि नेहमीच्याच आवाजात नवा आकडा सांगितला. मेकॅनिक जरा चाचरत म्हणाले, "आबा, लईच खाली गेला की."

"गेला," आबा म्हणाले. "म्या पाडला."

माझ्या बातमीदारीच्या नोकरीत अनेकांना आपल्या यशाची घोषणा करताना मी ऐकले आहे. इतक्या ताठ मानेने केलेली घोषणा मला दुसरी आठवत नाही.

मुक्ता पुन्हा खेळायला निघाली त्या दिवशी परतूरच्या फलाटावर आम्ही तिघेच होतो. तिचा खांदा बरा झाला होता, तरी आबांनी तिची बॅग तिला उचलू दिली नाही. या वयात स्वतः डब्यात चढवली. पात्रता फेरीपासून, जवळजवळ शून्यापासून, तिला सुरुवात करायची होती.  ती खिडकीशी बसली आणि आबांनी गजावर हात ठेवला.

"परत कधी येशील?"

"डिसेंबरात."

"डिसेंबरात काय हाये?"

"काहीच न्हाई, आबा. मुद्दाम एक बी स्पर्धा घेतली न्हाई."

आबांनी हे मनाशी एकदा घोळवले. सिग्नल पडला होता. "मंग बराबर हाये," ते म्हणाले आणि गाडी हलेपर्यंत गजावरचा हात त्यांनी काढला नाही.