जगदाळेकाकांची गाठ

हॉर्मोनच्या दवाखान्यात रिपोर्ट यायला वेळ लागतो, किस्से मात्र रोजच्या रोज ताजे मिळतात. पलासियाच्या आमच्या दवाखान्यात मी डॉक्टर मॅडमचा ज्युनियर. छत्रीबागेच्या जगदाळेकाकांनी तर एकट्यानेच सगळ्या पेशंटांचा कोटा भरून काढला!

काका आले तेच बीपी घेऊन. गोळ्यांवर गोळ्या, तरी बीपी उतरेना. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं.

"मीठ कमी केलंत का?" मॅडमनी विचारलं.

"कमी? बंदच केलं!"

"आणि सेव?"

काका माझ्याकडे वळले. "भिया, सेव म्हणजे काय मीठ आहे का? सेव म्हणजे सेव!"

*

स्कॅनमध्ये मूत्रपिंडावरच्या एका अ‍ॅड्रिनल ग्रंथीत छोटी गाठ दिसली. खात्रीसाठी टेस्ट होती: काही दिवस मीठ जास्त खायचं, मग लघवी तपासायची. काकांचा चेहरा खुलला. काकी रडकुंडीला आल्या.

"अजून मीठ कुठे घालू, मॅडमजी? पोह्यावर सेव, सेववर जीरावन मसाला, आणि त्याच्यावर हे परत मीठ भुरभुरतात!"

मॅडम म्हणाल्या, "मग चाललंय तेच चालू द्या."

*

टेस्टमध्ये गाठच दोषी निघाली. मॅडम समजावायला बसल्या. "पेशीच्या आवरणात एक प्रोटीन असतं, चौकीदारच समजा. पोटॅशियमला बाहेर जाऊ द्यायचं, सोडियमला आत घ्यायचं नाही. अशा गाठीत पुष्कळदा तोच बिघडतो. सोडियम आत शिरतं आणि ग्रंथी मीठ धरून ठेवणारं हॉर्मोन बनवत सुटते. म्हणून बीपी. ती ग्रंथी काढावी लागेल."

"चौकीदार बिघडला तर चौकीदार बदला ना! पूरा मकान कशाला पाडता?"

मॅडमनी याच प्रोटीनवर थिसिस लिहिलाय. इतका अवघड प्रश्न त्यांना परीक्षकांनीसुद्धा विचारला नव्हता!

*

काकांचा राग अख्ख्या छत्रीबागेला ठाऊक. ते स्वतः अभिमानाने सांगत, "पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. गुस्सा खानदानी आहे!"

एकदा काका बाहेर गेल्यावर काकी मागे थांबल्या. "यांच्या ओरडण्यापायी मुलगी दिवाळीलाही राहत नाही. सकाळी येते, शाम को परत. गाठीबरोबर हा गुस्सा पण जाईल ना?"

"बीपी उतरेल," मॅडम म्हणाल्या. "रागाचं मी नाही सांगू शकत."

काकींनी 'उतरेल' तेवढं पदरात बांधून घेतलं आणि त्याच दिवशी काकांकडून ऑपरेशनला हो म्हणवून घेतलं. त्यांची ती आशा बघून मला फार वाईट वाटलं.

*

ऑपरेशन झालं. घरी गेल्यावर काका इतके शांत, की मुलगी चक्क आठवडाभर राहून गेली! तपासणीला काकी जलेबीचा पुडा घेऊनच आल्या. बीपी नॉर्मल, पोटॅशियम नॉर्मल.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण काका, सेव जरा कमीच ठेवा हं."

काका असे कडाडले, की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले! पणजोबांची अख्खी फौज केबिनमध्ये शिरल्यासारखं वाटलं.

काकींनी पुडा टेबलावर ठेवला आणि त्या मॅडमच्या कानाशी वाकल्या.

"मॅडमजी, दुसऱ्या बाजूला पण एक ग्रंथी असते ना? लगे हाथ ती पण काढून टाका!"