किन्हवलीला, मुळं बघायला

शाळेत दर शुक्रवारी चॅपेलमधल्या फुलदाण्या घासायचं काम निमीकडे आणि माझ्याकडे असायचं. निशिगंधाच्या दांड्या आठवडाभर पाण्यात राहून बुळबुळीत व्हायच्या. निमी श्वास रोखून हात आत घालायची, मी नळ सोडायची. सिस्टर फुलदाणी उजेडात धरून बघायच्या आणि काही न बोलता परत द्यायच्या. मग पुन्हा घासायची. त्या दुपारी आम्ही फारसं बोलतही नसू. तरी शाळेतलं दुसरं काही मला इतकं स्वच्छ आठवत नाही.

गेल्या ऑक्टोबरात निमीचा फोन आला. म्हणाली, मुळं परत बुळबुळीत झाली, येतेस का? मी बॅग भरली.

नवरा गेल्यावर निमी त्याच्या गावी, किन्हवलीजवळ, सासूबरोबर राहायला गेली. घरामागच्या खळ्यावर तिने मातीशिवाय भाजी पिकवायची शेड घातली. प्लास्टिकच्या पांढऱ्या नळ्या, त्यांतून फिरणारं खताचं पाणी, नळ्यांना भोकं, भोकांत लेट्यूस. दोन खेपा मुळं कुजून गेल्या. तिचे दीर दामूभाऊ शेजारीच राहतात. त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं की ही खेपही गेली तर कापणीआधी शेड उतरवायची, भात झोडायला खळं लागणार. निमीने निवृत्तीनंतर केलेली ही एकच गोष्ट होती.

नाशिकहून मुंबईकडे जाणारी कुठलीही एसटी चालते, पण कंडक्टरला शहापूर आधीच सांगून ठेवा. बऱ्याच गाड्या गावात शिरत नाहीत, हायवेवर सोडतात. तिथून शेअर रिक्षाने स्टँड. कसारा घाटात डाव्या खिडकीशी बसा, असं मला निमीने सांगितलं होतं. मी बसले. डाव्या बाजूला ट्रक होते. शहापूरला चहा घेतला, किन्हवलीच्या गाडीची वाट बघत वडापाव खाल्ला, दोन्ही बरे होते. पुढचा रस्ता मात्र सुंदर आहे. दोन्हीकडे पिकायला आलेलं भात होतं आणि गाडी इतकी सावकाश जात होती की ओंब्या मोजता आल्या असत्या.

निमीने मला पाणी देण्याआधी एक रोप उचलून दाखवलं. मुळं चहाच्या गाळासारखी दिसत होती आणि बोटांना चिकटत होती. पाण्याची टाकी पांढरी, उन्हात ठेवलेली, आतून हिरवी. मी तज्ज्ञ नाही, गच्चीवर बादल्यांत पालक लावते, पण माझ्याही बादल्या एकदा अशाच हिरव्या झाल्या होत्या. खताच्या पाण्यावर उजेड पडला की शेवाळ धरतं. पाणी तापलं, त्यातली हवा कमी झाली आणि काही कुजकं त्यात पडलं, की मुळांना बुळबुळ येते.

रात्री तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण आणि दामूभाऊ. "वैनी, नुस्त्या पाण्यात भाजी व्हायची असती," ते म्हणाले, "तर आमच्या डबक्यात झाली नसती का?" निमीने त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरळगावमार्गे मुरबाडला गेलो. मुरबाडचा बाजार अशा कामाला उत्तम. काळा रंग आणि गोणपाट एकाच रस्त्यावर मिळाले. माशांच्या दुकानात हवेचा छोटा पंप मिळाला. दुकानदाराने विचारलं, मासे कुठले? निमी म्हणाली, लेट्यूस. औषधांच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मागितलं, तेव्हा जखम कुठे झाली ते विचारलं. तिथून बाहेर पडून आम्ही मिसळ खाल्ली. तिखट होती.

दुपारभर घासलं. सगळं पाणी ओतून दिलं, नळ्या पेरॉक्साइड घातलेल्या पाण्याने धुतल्या, मग साध्या पाण्याने. टाकीला बाहेरून काळा रंग, वर ओलं गोणपाट, आत नवं खताचं पाणी आणि हवेचा पंप. काळा रंग ऊन ओढतो, म्हणून टाकी सावलीत सरकवली. मेलेली मुळं कापली, गेलेली रोपं फेकली. रिकाम्या भोकांतून उजेड जातो म्हणून त्यांवर स्टीलच्या वाट्या उपड्या घातल्या. रोपं ज्यात बसतात ते जाळीचे कप निमीने उजेडात धरून तपासले आणि त्यातले निम्मे मला परत दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निमी दूध आणायला गेली होती. मी मागच्या पडवीत बसले होते, तिथून शेड दिसते. निमीची सासू, जिला सगळे आई म्हणतात, काठी टेकत शेडमध्ये गेली, गोणपाट बाजूला केलं, टाकीचं झाकण उचललं आणि हळद-कुंकू, चिमूटभर तांदूळ आणि एक झेंडूचं फूल आत सोडून हात जोडले.

निमीला पूर्वी टाकीत पाकळ्या सापडायच्या. तिने दोष वाऱ्याला दिला होता.

मी उठून शेडमध्ये गेले. आई मला समजावत होती की पहिला हंडा भरायच्या आधी विहिरीला फूल वाहायचं असतं, ती लग्न होऊन आली तेव्हापासून वाहते. आता विहिरीचं पाणी पंपाने या टाकीत येतं, म्हणून फूलही इथे. तेवढ्यात निमी दुधाची बरणी घेऊन शेडच्या दारात आली. बरणी खाली ठेवून तिने टाकीतलं फूल उचललं.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या फुलानं माझी मुळं कुजतात."

"देवाच्या फुलानं काय कुजत नाय गो."

मी विचारलं, विहिरीलाच का नाही वाहत? आई म्हणाली, "दामून कठडा उंच केला. गुडघं चढत नाय."

दामूभाऊ बाहेर दात घासत उभे होते. त्यांनी चूळ भरली आणि निघून गेले. थोड्या वेळाने वाळू-सिमेंटची पाटी घेऊन आले आणि दुपारपर्यंत कठड्याशी रुंद पायऱ्या बांधल्या, धरायला पाइप लावला. "आलो होतो शेड कधी उतरवायची ते इचारायला," ते मला म्हणाले. "कुणाला सांगू नका."

संध्याकाळच्या गाडीने मी परतले. पायऱ्या वाळल्यावर आईने पहिलं फूल विहिरीत सोडलं, हे निमीने फोनवर सांगितलं. पंधरवड्याने तिने एका मुळाचा फोटो पाठवला. नुसतं मूळ, पांढरं. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, नातवंडांच्या फोटोंच्या वर. भात दामूभाऊंनी त्या हंगामात स्वतःच्या अंगणात झोडलं.

मला काय उरलं, तर एवढंच की आता आठवड्यातून एकदा निमीचा फोन येतो आणि आम्ही फारसं बोलत नाही.

तिकडे जाणार असाल तर आईसाठी द्राक्षं न्या, बिनबियांची. दामूभाऊंना कोंडाजीसारखा नाशिकचा कुठलाही चांगला चिवडा चालेल, पायऱ्यांबद्दल बोलू नका. निमीला हवेच्या पंपासाठी एक जादा नळी द्या. आणि तिने रोप उचलून दाखवलं, तर मुळं पांढरी आहेत असं तिला सांगा. पांढरी असली तरच.