दाराबाहेरचं ताट

त्या मंगळवारी सिंगापूरमध्ये माझा नवरा वारला. तो आंग मो किओला ऑफिसात होता. मी विद्यापीठात तास घेत होते. त्याची आई सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडत होती.

सासूबाई तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या, येऊन आठवडा झाला होता. तेरावा झाला, धाकटे दीर पुण्याला परतले आणि घरात आम्ही दोघी उरलो.

मी मध्ययुगीन इंग्रजी शिकवते. त्या काळी इंग्लंडमध्ये काही बायका आपणहून चर्चच्या भिंतीला लागून बांधलेल्या खोलीत राहायला जात आणि मरेपर्यंत बाहेर येत नसत. आत जाताना त्यांच्यासाठी मृतांच्या प्रार्थना म्हणत. जेवण खिडकीतून येई. त्यांनी काय खावं, किती बोलावं, खिडकीशी किती वेळ उभं राहावं, हे सांगणारे उपदेश धर्मगुरूंनी लिहून ठेवले आहेत. गेली कित्येक वर्षं मी तेच वाचते आहे.

दीर गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. मला ते ओळखीचं वाटलं. त्यांनी एकांत मागितला आहे आणि तो मोडायचा नाही, असं मी ठरवलं. ताट वाढून त्यांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचं, हलकेच टकटक करायची आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. थोड्या वेळाने ताट घासून ओट्यावर पालथं घातलेलं असे. याला मी आदर समजत होते. खरं सांगायचं तर मला त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटत होती. कपाळ आणि नाक त्याचंच होतं.

असे पाच आठवडे गेले. एका दुपारी शेवटचा तास रद्द झाला म्हणून मी लवकर आले. सासूबाई हॉलमध्ये, दाराकडे पाठ करून, दिरांशी फोनवर बोलत होत्या.

"तिकीट बघ रे लवकरचं. तिला माझी अडचण होते. दिवसभर दार लावून बसते. ताट तर असं बाहेर ठेवून पळते, जसा काही मला कोविडच झालाय."

मी चपला काढायच्या विसरून तशीच आत गेले. "आई, मला वाटलं तुम्हालाच एकटं राहायचंय."

त्यांनी फोन ठेवला. "मला? कोण म्हणालं तुला? दार आधी तू लावलंस. मग मी लावलं. म्हटलं, पोरगी रडत असेल, वाचत असेल, आपण मध्ये कशाला."

"माझ्या पुस्तकांतल्या बायका..."

"त्यांना घाल चुलीत. वाचतेस तरी काय एवढं?"

मी सांगितलं. त्या बायकांना मांजर पाळता येई, गाय नको असं एका धर्मगुरूने लिहिलं आहे, तेही सांगितलं.

"गाय का नाही?"

"ती कुणाच्या शेतात शिरली, तर सोडवायला जावं लागणार, हातापाया पडावं लागणार."

"शहाणा होता म्हणायचा तो बाबा," त्या म्हणाल्या. खालून एलआरटीची छोटी गाडी गेली.

"त्या दिवशी तू सातलाच निघालीस. त्याने जाताना काय खाल्लं, एकदासुद्धा विचारलं नाहीस मला."

मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. त्या सकाळी त्याच्याबरोबर फक्त त्या होत्या, आणि ती सकाळ न सांगताच त्या पुण्याला जायला निघत होत्या.

"काय खाल्लं?"

"दोन थालीपिठं. तिसरं मागत होता. मी म्हटलं, पोट बघ जरा आरशात. तर म्हणतो, आई, पोटाला नजर लावू नकोस." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. "द्यायला हवं होतं गं तिसरं. पीठ होतं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी ती सकाळ पहिल्यापासून सांगितली. त्याने शर्ट बदलला होता, डबा विसरून लिफ्टपासून परत आला होता. मी मध्ये मध्ये विचारत राहिले. दिरांचा फोन दोनदा वाजला, आम्ही घेतला नाही.

तिकीट मूळच्याच तारखेचं राहिलं. मुदत संपली तेव्हा सासूबाई पुण्याला गेल्या. आता या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. रोज सकाळी साडेनऊला त्यांचा फोन येतो आणि आम्ही त्याच्याविषयी बोलतो.