ओलाउगचं खमीर

आमच्या व्हॉसच्या खोऱ्यात नाताळची बिअर घरोघरी करतात, आणि ती छान उतरली की जो तो स्वतःचीच पाठ थोपटून घेतो. खमीर कुणाचं, ते कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलते. ते खमीर माझ्या नणंदेचं, ओलाउगचं!

बिअर आंबली की तळाचा दाट साका ती लाकडी कड्यांच्या हाराला माखायची आणि हार माळ्यावर वाळत टांगायची. पुढच्या खेपेला त्यातलं थोडं कोमट जवाच्या रसात भिजवायचं, फेस धरला की पिंपात ओतायचं. विरजणासारखंच ते. तिच्या आजीपासून चालत आलेलं. पिंपात ओतताना मोठ्याने ओरडायचं, नाहीतर खमीर रुसतं. ओलाउग अशी ओरडायची की गोठ्यातली गाय दावं तोडू बघायची.

मागितलं की ती शेजाऱ्यांना द्यायची. त्याचे आभार मानायचे नसतात. आज तुझं नासलं तर माझ्याकडचं ने, उद्या माझं नासलं तर तुझ्याकडचं नेईन, एवढंच. आमच्या दोन बाजूंच्या घरांतले ओमुंड आणि मार्गिट तर दर शरदात दारात हजर.

एका वर्षी छप्पर गळलं. आम्हाला पत्ता लागेपर्यंत अख्ख्या हारावर बुरशी. ओलाउगने दोन-तीन कडी खरवडून रसात भिजवून पाहिली. फेस नाही, नुसता घाण वास. मी रडकुंडीला आले.

"वहिनी, रडतेस काय? ओमुंडकडे आहे की," ती म्हणाली.

गेलो दोघी. ओमुंडने कॉफी पाजली, मेंढ्यांचं बोलला, रस्त्याचं बोलला.

"अरे, पुरे झालं पाल्हाळ," ओलाउग म्हणाली. "खमीर काढ."

"ताई, माझ्याकडे नाही ते. मला वाटलं, मार्गिट ठेवत असेल."

तशाच मार्गिटच्या घरी गेलो. ती काय म्हणाली असेल? "अगं बाई, ओमुंडकडे नाही?"

मग निघालं सगळं बाहेर. दोघंही कैक वर्षं दुकानातलं खमिराचं पाकीट वापरत होती.

"मग दरवर्षी न्यायला कशाला यायचीस गं?" मी विचारलं.

"ओलाउगला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि नेलेलं?"

"डुकरांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट वाटू नये म्हणे! एकाने तोंड उघडून खरं सांगितलं असतं, तर तिने चार घरी सुकवून ठेवायला दिलं नसतं का? हिच्या जिवावर बिनघोर राहिले, आणि हिला वाटत राहिलं की खमीर साऱ्या खोऱ्यात जिवंत आहे. मी मार्गिटला नको नको ते बोलले. ओलाउग घरी येताना दुकानात शिरली आणि पाकीट घेतलं.

त्या वर्षी पिंपात खमीर ओतताना ती ओरडली नाही.

नाताळात ओमुंड आला. घोट घेतला, डोळे मिटले. "वा, ताई! म्हणजे मिळालं तर कुठेतरी! हीच ती चव. पाकिटाला कुठली येणार ही? जाताना मला थोडं बांधून दे हं."

ओलाउग आत गेली. रिकामं पाकीट आणून तिने त्याच्या हातावर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "आता सगळ्यांकडे हेच आहे."