ओली घंटा

चर्चची घंटा ओली वाजली की कोरडी, हे सांगणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे, आणि तो जन्मात कधी चर्चच्या बाकावर बसलेला नाही. कोल्हापूरच्या पश्चिमेला, टेकडीवरच्या आमच्या जुन्या दगडी चर्चभोवती हे धनगर मामा मेंढरं चारतात. मी राजारामपुरीतला शाळामास्तर; दर रविवारी टेकडी चढून घंटा वाजवतो. इतकी वर्षं दोर ओढूनही मला नुसतं ‘टण्’ ऐकू येतं. मामा मात्र खांद्यावर घोंगडं टाकून दारात उभे राहतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, “आज वली वाजली, मास्तर. चार दिसांत पाऊस.” लगेच मेंढरं पूर्वेच्या कोरड्या मुलखात निघतात, कारण चिखलात त्यांची खुरं कुजतात आणि कोकरं तर वाचतच नाहीत. एकदा मी शहाणपणा करून मोबाईलवरचा ‘पाऊस नाही’ हा अंदाज दाखवला. “त्यो कोल्हापुरात बसून बोलतोय,” मामा म्हणाले, “घंटी हितं हाय.” पाऊस चौथ्या दिवशी आला. मी थक्क झालो, ते आजतागायत.

आमच्या धर्मगुरूंना पाळक म्हणतात हे कळल्यावर मामा हरखलेच. “मग आमचंच भावबंद की! किती हायती तुमची?” पाळक म्हणाले, “रविवारी तीस-चाळीस.” “येवढीच? लांडगा लागलाय काय?” पाळकांची हसून हसून पुरेवाट झाली. निघताना मेंढरं चर्चला एक फेरी घालतात, मामा पायरीवर भंडारा उधळतात आणि पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात. ही रीत मामांच्या पणज्यापासूनची. मामा सांगतात, “बिरोबाचा आन तुमच्या देवाचा जुना घरोबा हाय. दोघंबी मेंढरंवालंच.”

यंदा मे संपताना मी घंटा वाजवली. मामा माझ्याकडे बघतच राहिले. “वाजवा की, मास्तर.”

घंटेचा नाद अजून घुमत होता. मी पुन्हा वाजवली. मामांनी भिंतीला तळहात लावून पाहिला, मग खाली घेतला. “कशी वाजली?” त्यांनी हळूच विचारलं. बाहेर त्यांची सगळी कोकरं चरत होती. मी डोळे मिटून तिसऱ्यांदा दोर ओढला आणि त्यांच्या कानाशी ओरडलो, “वली!” खरंच तशी ऐकू आली की मीच घाबरलो होतो, देव जाणे.

फेरी झाली, भंडारा उधळला. उतरता उतरता मामा थांबले. “चुकला असशीला तरी ऱ्हाऊ द्या, मेंढरं माझी हायती. पर फुडल्या वर्सापतोर शिका. मी असंन-नसंन.”

तेव्हापासून घंटा वाजवली की मी लगेच आत जात नाही; नाद विरेपर्यंत मान तिरकी करून ऐकत राहतो.