आर्णीच्या सडकेवरची पावलं

बैल सुटला नसता तर मी पुन्हा कधी पळालोच नसतो. घाटंजीच्या जिनात कापूस तोलायच्या काट्यावर मी नोकरीला होतो. एका सकाळी गाडी खाली होत असताना एक बैल बिथरला आणि जू झुगारून आर्णीच्या सडकेला लागला. गाडीवान म्हातारा होता, म्हणून मीच धावलो. तोवर माझं लग्न होऊन दोन पोरं झाली होती, पोट सुटलं होतं, बिडीची सवय लागली होती.

जिनाचं कुंपण संपलं आणि मागून पावलं ऐकू आली. अनवाणी पावलं, एक हलकं आणि एक जड. वाटलं, मदतीला कोणी आलं असेल. पुढे बैल एका बाभळीपाशी थांबला, मी कासरा धरला आणि मागं पाहिलं. सडक रिकामी होती.

ती पावलं मी ओळखली होती, म्हणून तर मान वळवायला इतका वेळ लागला.

ज्याची ती पावलं, तो माझा पळण्यातला जोडीदार, जवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्यापर्यंत सगळे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. बापानं जमीन घेतली आणि घर एका जागी आलं, पण त्याच्या पायांना ते कोणी सांगितलं नव्हतं. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी यवतमाळच्या पाच मैलांच्या शर्यतीत तो पहिला आला, मी दुसरा. त्यानंतर आम्ही रोज सकाळी सोबत पळायचो. तो मुद्दाम माझ्या मागं राहायचा आणि शेवटच्या टप्प्यात पुढं निघून जायचा. डावं पाऊल जड टाकायची त्याच्या घरातलीच लकब होती, बापही तसाच चालायचा. काहून मागं राहतो, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "तू पुढं असला की मले रस्ता पाहा लागत नाई."

पुढच्या वर्षी ज्येष्ठात एका सकाळी आम्ही नेहमीसारखे पळून आलो. दुपारी तो वावरात मोहाच्या झाडाखाली बांधलेले बैल सोडायला गेला. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ भरून आलं होतं. वीज पडली. मी पोचलो तेव्हा बैल जागच्या जागी उभे होते आणि तो आडवा पडला होता. त्याच्या तळपायांना काहीच झालं नव्हतं. लोक त्याला उचलेपर्यंत मी तेवढेच पाहत राहिलो.

मग पळणं सुटलं. काही दिवस सकाळी सडकेपर्यंत जायचो आणि चालत परत यायचो. पुढं तेही राहिलं. वर्षं गेली.

बैल पकडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सडकेवर गेलो. फर्लांगभरातच छाती भरून आली. नाल्यावरच्या पुलापाशी थांबणार, तोच मागून पावलं आली. मी थांबलो नाही. त्यानंतर रोज जाऊ लागलो. बिडी सुटली, पोट उतरलं. बायकोला वाटलं, तब्येतीसाठी चाललं आहे. पण एक दिवस तिनं विचारलं, घरात येताना तुम्ही मागं वळून कायले पाहता? कुत्री मागं लागतात, असं मी सांगितलं. भीती तर वाटायचीच. पण एखाद्या दिवशी पूल आला आणि मागं शांतता असली, तर छातीत जे व्हायचं ते भीतीहून वाईट होतं.

शेवटी न राहवून तांड्यावर त्याच्या आईकडे गेलो. तो तिला याडी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो. घरात ती एकटीच होती. वीज पडली त्या वर्षीच तिनं धाकट्या पोराला दारव्ह्याकडं मामाच्या गावी पाठवून दिलं होतं. त्या वावराजवळ तिला तो नको होता. मी तिला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही, विचारात पडली.

"धापा टाकते का तो?" तिनं विचारलं.

"नाई याडी. नुसते पाय."

"मंग थकला नाई तो." मग म्हणाली, "तू असा सडकेवर एकटा पळत राहशीन तर तोबी पळतच राहीन. शर्यतीत जाय, बेटा. त्याचा जीव तिथंच होता."

त्या दिवाळीनंतर मी यवतमाळला नाव दिलं. माझ्याभोवती सगळी कोवळी पोरं. सुरुवातीला एवढ्या पायांचा आवाज होता की काहीच वेगळं ऐकू येईना. नाक्याला वळसा घालून परत फिरलो, गर्दी पांगली, आणि मागून ती पावलं आली. एक हलकं, एक जड. जवळ येत गेली. आणि या वेळी मला धाप ऐकू आली.

माझं पळणं थांबलं. मी मागं वळलो, तेवढ्यात एक अनवाणी पोरगा माझ्या बाजूनं पुढं निघून गेला. तेच खांदे, तशीच मान. मी कसाबसा चौथा आलो. तो दुसरा आला होता. तो घोंगडीवर बसून पाणी पीत होता, तिथं जाऊन मी विचारलं, कोणाचा रे तू? त्यानं तांड्याचं नाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं. मग म्हणाला, "दादा, तुम्ही मले पाहून थांबले काहून? पुढंच राह्यले असते."

मी त्याच्या शेजारी घोंगडीवर बसलो.

मीच त्याला त्याच्या आईकडे घेऊन गेलो. तो पळतो हे तिला ठाऊकच नव्हतं. त्याला तिथंच ठेवून घेताना ती पहिल्यांदा रडली. मग आम्ही दोघं सकाळी बरोबरीनं पळू लागलो, आणि पुलापाशी मागून काही येईनासं झालं. शर्यतीतली पावलं या पोराची होती, हे मी मान्य करतो. पण तो दारव्ह्याकडं असताना घाटंजीत माझ्या मागं कोण पळत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. तो तापानं पडून असला की मी एकटा जायचो, पुलाजवळ पाय हळू करायचो. काही नसायचं.

दोन वर्षांनी तो पोलिसात भरती झाला. जायच्या आदल्या सकाळी त्यानं विचारलं, भाऊ कसा पळत होता? भाऊ होता तेव्हा हा लहान होता, यानं त्याला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. तुझ्यासारखाच, असं मी म्हटलं, पण त्याचं समाधान झालं नाही. मग मी त्याला पुढं पळायला सांगितलं आणि स्वतः मागं राहिलो. शेवटच्या टप्प्यात त्याला मागं टाकायचं, असं मनात होतं. जमलं नाही. तो लांब जात राहिला, आणि त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.